बारा मिनिटांची परीक्षा

कॉकर्स बेंड, साउथ कॅरोलिना
रविवार, ९ मार्च १९६९

प्रिय आर्डी,

तुझ्या थोरल्या भावाचे आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत घालशील अशी भीती आहे, म्हणून पत्ता क्लिओलाकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर.

आम्ही दोघं बरे आहोत. क्लिओलाचे गुडघे थंडीत फार धरले होते, पण आता ती चर्चपर्यंत काठीशिवाय जाते. पास्टर म्हातारे झाले, प्रवचनात तीच गोष्ट दोनदा सांगतात, आणि लोक दोन्ही वेळा 'आमेन' म्हणतात. मागच्या शनिवारी आईच्या कबरीवरचं गवत काढलं. एनॉसच्या कबरीवरचंही काढलं. तुमच्या घरात आता प्रेसलीचं कुटुंब राहतं. त्यांनी मागच्या दाराची पायरी बदलली. एनॉसने बसवलेली चांगली होती की. पण हे तुला लिहायला नको होतं.

गिरणी चालू आहे. मी अजून दोन नंबरच्या कागदयंत्रावरच आहे. कान थोडे गेलेत. क्लिओला म्हणते, तिला हवं तेव्हा मला ऐकू येत नाही आणि नको तेव्हा येतं.

आता पत्राचं कारण. तुझ्या मर्टिसचं पत्र आलं होतं, मामीच्या नावाने. पोरगी सुरेख लिहिते. तिच्या शाळेतल्या बाईंनी टेलिफोन कंपनीत ऑपरेटरच्या जागेसाठी तिचं नाव पाठवलंय, आणि नोकरीवर घेण्याआधी तिथे बुद्धीची परीक्षा असते. तिने बाईंना नाही म्हणून सांगितलं. शाळा संपली की लाँड्रीत इस्त्रीला लागणार म्हणते. तिने लिहिलंय ते तसंच उतरवतो: 'मामी, आमच्या घरात तसलं डोकं नाही. बाबा दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले. मामाचं डोकं माझ्याकडे आलं असतं तर वेगळी गोष्ट होती.'

क्लिओलाने हे मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. मी भेंडी चिरत होतो. सुरी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

आर्डी, तिला बसू दे. एनॉसच्या परीक्षेचा आणि तिचा काही संबंध नाही. आणि बाबांची परीक्षा तरी काय होती? बारा मिनिटं, पन्नास प्रश्न. एखाद्या माणसाचं त्या दिवशी डोकं दुखत असेल, शेजारचा खोकत असेल, एखाद्या मार्काने मागे राहिला असेल. त्यावरून कोणी कोणाच्या पोरीचं आयुष्य ठरवतं का? तिला माझ्याकडून सांग. नाहीतर माझं नाव न घेता सांग.

तुला काय वाटतं ते दोन ओळींत कळव. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझाच भाऊ,
थॅड


कॉकर्स बेंड
मंगळवार, १८ मार्च १९६९

आर्डी,

तुझं कार्ड काल आलं. 'ज्याचं डोकं चालतं त्याने ते आपल्या घरी चालवावं.' बाकी काही नाही, नावसुद्धा नाही. मला त्याहून जास्त मिळायला नको होतंच.

मागच्या पत्रात मी तुला खरं सांगितलं नाही. सांगायलाच बसलो होतो, पण चार पानं पायरीवर आणि पास्टरवर घालवली. काल कार्ड वाचल्यावर क्लिओलाला सांगितलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. ती अंगणात गेली आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून परत घातल्या. मग आत येऊन म्हणाली, "लिही. आणि अर्धं लिहू नकोस."

तर सगळं लिहितो.

तुला यार्डातले दिवस आठवतात. बावीस वर्षं मी आणि एनॉस लाकडं ओढली, सोलली, यंत्रात घातली. गोरा माणूस असेल तर शाळा न शिकता थेट कागदयंत्राच्या खोलीत जायचा, काळा असेल तर यार्डात यायचा आणि यार्डातच म्हातारा व्हायचा. तरीही लाकडाचे तुकडे करणारं यंत्र बिघडलं की एंजिनियर लोक एनॉसला बोलावणं धाडायचे. तो बाहेर उभा राहून ऐकायचा आणि सांगायचा, 'तिसरं पातं बोथट झालंय.' उघडून बघितलं की तिसरंच निघायचं. पुढे वर्णभेदाविरुद्धचा कायदा आला, आणि गिरणीने काळ्यांना यार्डाबाहेर यायला दार उघडलं. त्याच महिन्यात दारात ही परीक्षा आणून ठेवली. आत आधीपासून बसलेल्यांना ती द्यायची नव्हती.

चर्चमागच्या खोलीत ब्यूला टीचर आमची तयारी करून घ्यायच्या, ते तर तू पाहिलंस. कॉफी तूच आणायचीस. तुला तो टाकीचा प्रश्न आठवतो का? दोन नळांनी टाकी किती वेळात भरेल. आम्ही सगळे कागदावर डोकं घालून बसलेलो आणि एनॉस विचारतो, "नळ नवे आहेत की झिजलेले? झिजलेले असतील तर उत्तर वेगळं येईल." टीचर हसून हसून खुर्चीत बसल्या. त्या म्हणाल्या, "एनॉस, परीक्षेत नळ नेहमी नवे असतात." तो म्हणाला, "मग ही परीक्षा गिरणीची नव्हे."

आम्ही अकरा जण बसलो. पंधरा ऑक्टोबर, शुक्रवार. पुढच्या शुक्रवारी नोकरभरतीच्या मिस्टर हॅस्क्यूने मला एकट्याला बोलावलं. टेबलावर दोन उत्तरपत्रिका होत्या, एक माझी आणि एक एनॉसची. त्याचं अक्षर मी कुठेही ओळखतो.

हॅस्क्यू म्हणाला, "थॅड, तुला सतरा मिळाले. वीस लागतात."

मी 'हो सर' म्हणून वळलो.

"थांब. एनॉस मॅब्रीला एकोणीस आहेत. तुम्हा सगळ्यांत जास्त."

मला वाटलं, एनॉसला निरोप द्यायला सांगतोय. पण त्याने दार लावायला सांगितलं. वॉशिंग्टनहून तपासणीला माणसं येणार आहेत, म्हणाला. तोवर यंत्राच्या खोलीत तुमच्यातला एक तरी दिसायला हवा. "मॅब्रीने तक्रारीच्या पत्रावर सही केलीय. त्याला मी वर नेणार नाही. तू सही केली नाहीस. तू समजूतदार आहेस."

मग त्याने खोडरबर घेऊन माझे सतरा खोडले, कागदावर फुंकर मारली आणि एकवीस लिहिले.

मी म्हटलं, "थँक यू, सर."

आर्डी, मी त्याला थँक यू म्हटलं.

का म्हटलं, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. चिरडलेल्या दोन बोटांनी हिवाळ्यात लाकडं उचलवत नव्हती, हे एक. पण तेवढंच असतं तर मी आधीच कबूल केलं असतं. दुसरं सांगायला लाज वाटते. आपल्या घरात, शाळेत, चर्चमध्ये, सगळीकडे मी एनॉसच्या मागे होतो. आईसुद्धा म्हणायची, 'जावई हुशार मिळाला, पोरगा कष्टाळू आहे.' एकदा, फक्त एकदा, मला पुढे उभं राहायचं होतं. त्या रविवारी पास्टरनी माझं नाव घेतलं आणि सगळं चर्च उठून उभं राहिलं. सगळ्यांच्या आधी एनॉस उठला होता. दोन महिन्यांत मला स्वतःलाच वाटायला लागलं की मला एकवीसच मिळाले होते.

नंतर तो माझ्याकडे शिकायला आला, हे तुला माहीत आहे. काय शिकवलं ते माहीत नाही. तुमच्याच टेबलावर बसून मी त्याला सांगितलं, 'तू फार विचार करतोस. विचार करू नकोस, जे सुचेल ते लिही आणि पुढे जा.' एकोणीसवाल्याला सतरावाला शिकवत होता. तो माझं ऐकत होता, मान हलवून, एखाद्या पोरासारखा. वसंतात तो दुसऱ्यांदा बसला, माझ्या सांगण्याप्रमाणे धावत सुटला, आणि चौदावर आला. पहिल्या वेळचे मार्क गिरणीने कोणालाच सांगितले नव्हते, फक्त 'नापास'. या वेळी मुद्दाम सांगितले.

त्यानंतर तो चर्चमध्ये धडा वाचायला उभा राहिला नाही. अक्षरं पळतात म्हणायचा. मर्टिस गणिताची वही घेऊन आली की म्हणायचा, 'मामाकडे जा. आपल्या घरात डोकं त्याच्याकडे आहे.' आणि ती यायची, आर्डी. मी तिला गणितं सांगायचो.

इकडे यंत्राच्या खोलीत काय चाललं होतं तेही ऐक. मशीनवरचा मुख्य माणूस कॉयल, गोरा, चौतीस वर्षं नोकरी. त्याला वाचता येत नाही. रोलवरची चिठ्ठी तो मला दाखवतो आणि म्हणतो, 'चष्मा घरी राहिला.' चष्मा त्याला नाहीच. कामात तो पटाईत आहे, मला त्यानेच शिकवलं, आणि मी चार महिन्यांत शिकलो. सतरा मार्कांच्या माणसाला ते काम जमलं. मग एनॉसने ते किती दिवसांत उचललं असतं? मशीनचा आवाज बदलला की आजही मला वाटतं, एनॉस असता तर त्याला कळलं असतं काय बिघडलंय.

एनॉस आणि इतरांनी त्या परीक्षेवरून गिरणीवर घातलेल्या खटल्याचा दिवस तुला सांगायला नको. गिरणीच्या वकिलाने मला तीन प्रश्न विचारले. परीक्षेला बसलात का? पास झालात का? तुमच्यावर अन्याय झाला असं वाटतं का? मी बायबलवर हात ठेवून हो, हो आणि नाही म्हणालो. एनॉस तिसऱ्या बाकावर होता. बाहेर पायऱ्यांवर तू म्हणालीस, "आजपासून मला भाऊ नाही." आणि त्याने तुझा दंड धरून काय म्हटलं? "असं बोलू नये, आर्डी. खोटं काय बोलला तो? तो पास झाला, म्हणाला पास झालो. मी नापास झालो, त्यात त्याचा काय दोष?"

तो तुला आवरत होता, माझ्यासाठी.

एक गोष्ट तुला अजिबात माहीत नाही. तो गेला त्याच्या तीन आठवडे आधी गिरणीच्या फाटकाशी भेटला होता. जुलै होता, डबा खाऊन झाला होता. एरवी तो माझ्याशी बेसबॉलबद्दल बोलायचा. त्या दिवशी रिकामा डबा बंद करून म्हणाला,

"थॅड, मी सात वर्षांचा असल्यापासून तू मला ओळखतोस. खरं सांग. मी असा आधीपासूनच होतो का? आणि सगळे मला सांभाळून घेत होते?"

एक आकडा सांगायचा होता. एक शब्द. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "काहीतरी मनात आणू नकोस. ऊन फार आहे, टोपी घाल."

त्याने टोपी घातली आणि गेला.

अकरा ऑगस्टला दुपारी मला बोलवायला आले तेव्हा तो ओंडक्यांच्या ढिगाला टेकून बसला होता, झोपल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझा शर्ट स्वच्छ होता, आतल्या खोलीतला. त्याच्या कपाळावर सालीचा भुसा होता, तो पुसला. तेव्हाही मी मनातल्या मनातच सांगितलं. मोठ्याने नाही. यार्डातली माणसं उभी होती.

तो स्वतःला मठ्ठ समजून मेला, आर्डी. ते मी करवलं. हॅस्क्यूने एक आकडा खोडला, पण त्या जागीचा खोटा आकडा रोज नव्याने मी लिहीत होतो. आता पोरगीही तेच घेऊन बसलीय, म्हणून गप्प राहवत नाही. ती नसती तर कदाचित मी हे कबरीत घेऊन गेलो असतो. हेही खरंच आहे, म्हणून लिहितो.

उद्या मी सुट्टी काढली आहे. एनॉसची बाजू लढवणाऱ्या टॉलिव्हर वकिलांकडे जातो. हरलेला खटला आता वरच्या कोर्टात आहे, त्यांना हे कळायला हवं. तू मला काही लिहू नकोस. फक्त हे मर्टिसला वाचून दाखव.

थॅड


कॉकर्स बेंड
रविवार, २० एप्रिल १९६९

आर्डी,

तुझं पत्र मिळालं. तुला वाचताना तीन वेळा थांबावं लागलं आणि चौथ्यांदा मर्टिसने ते तुझ्या हातून घेऊन स्वतःच वाचलं, असं लिहिलंस. ती दोन दिवस जेवली नाही, आणि मग बाईंकडे जाऊन म्हणाली, माझं नाव परत लिहा. परीक्षा पाच मेला. मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचतो. बाकीचं जे लिहिलंस ते सगळं योग्य आहे.

तू विचारलं आहेस, वकील काय म्हणाले. टॉलिव्हर तरुण आहेत, तुझ्या मर्टिसपेक्षा फार मोठे वाटत नाहीत. ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मिस्टर ग्रिसम, दोन वर्षांपूर्वी हे सांगितलं असतं तर." मग पेन उचललं. कबुली लिहून घेतली. शपथेवर खोटं बोललो म्हणून माझ्यावर वेगळा खटला होऊ शकतो म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे. हॅस्क्यू मागच्या वर्षी वारला, त्यामुळे माझ्या शब्दाला साक्षीदार नाही. जुन्या उत्तरपत्रिका मागितल्या तर गिरणी म्हणते, ठेवल्या नाहीत. कोर्ट माझं मानेल की नाही, कोणास ठाऊक.

गिरणीने मला आठवड्याच्या आत काढलं. यार्डातही घेतलं नाही. बंदरावर खेकड्यांच्या शेडमध्ये कामाला जातो. चर्चमध्ये मी उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी उठलं नाही. ब्यूला टीचर पहिल्या बाकावर होत्या. त्या मागे वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकोणीस? माझ्या एनॉसला एकोणीस?" आणि तोंडावर रुमाल धरून रडल्या. त्या दिवसापासून क्लिओला चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसते आणि मी दाराजवळ. घरी ती मला वाढते.

एनॉसकडे रोज जातो. आता मोठ्याने बोलतो. तिथे ऐकायला कोणी नाही, तेव्हा त्यात शौर्य काही नाही.

तुझ्या सांगण्याप्रमाणे वेगळा कागद सोबत जोडला आहे. 'त्यात माफी लिहू नकोस, तुझी माफी मला पोरीच्या हातात द्यायची नाही. जे झालं तेवढंच लिही, शाईने लिही, आणि खाली नातं लिहू नकोस,' असं म्हणालीस. तसंच केलं आहे. चार वेळा लिहून फाडला. हा पाचवा आहे. परीक्षेच्या दिवशी तिला तो जवळ ठेवायचा असेल तर घडी घालून बसेल इतका लहान कापला आहे.

यापुढे तू बोलावल्याशिवाय लिहिणार नाही.

थॅड


(सोबतचा कागद)

मर्टिस मॅब्री हिच्यासाठी.

१५ ऑक्टोबर १९६५ रोजी गिरणीत बुद्धीची परीक्षा झाली. अकरा माणसं बसली. त्यांत सर्वांत जास्त मार्क तुझे वडील एनॉस मॅब्री यांना मिळाले. ते एकोणीस होते. मला सतरा मिळाले. माझ्या नावापुढचे एकवीस खोटे आहेत, आणि ते खोटे आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या वडिलांना त्यांचे एकोणीस मार्क कोणीही कधी सांगितले नाहीत.

वर लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

थॅडियस ग्रिसम